गेटवरचा नंबर

‘रँडम’ हा शब्द कुणी सहज वापरला, की नसीम हातातलं काम थांबवायची. “बी कुणी पेरलं, ते आधी सांग राव.” चाकणच्या कंपनीत ती माझ्या शेजारी बसून पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेबपानं लिहायची. कॉम्प्युटर एका सुरुवातीच्या आकड्यावरून पुढचे आकडे काढतो. त्या आकड्याला ती बी म्हणायची. तेच बी टाकलं की तेच आकडे उगवतात, हे मला तिनेच शिकवलं.

तिचा थोरला भाऊ रफीक तिथेच पत्रे दाबायच्या प्रेस मशीनवर होता. तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांना त्याने मशीनची तुटलेली संरक्षक जाळी दाखवली. सिक्युरिटीचे मुख्य जगदाळे मशीनची सुरक्षाही बघायचे, त्यांना ते झोंबलं. गेटवर रोज एकाची कसून झडती व्हायची; कुणाची, तो कर्मचारी नंबर नसीमने लिहिलेलं वेबपान रँडम काढायचं. त्यानंतर रोज रफीकचाच नंबर यायला लागला. बूट, मोजे, पट्टा, सगळं रांगेसमोर उतरवायचं. जगदाळे म्हणायचे, “कॉम्प्युटर काढतोय. आमचा हात न्हाई त्यात.” शेवटी रफीकने नोकरी सोडली.

नसीमने त्या पानाचा कोड उघडला. बी कायमचं बांधून ठेवलेलं होतं, आणि तो बदल जगदाळेंच्या लॉगिनवरून झालेला.

“एचआरला सांग,” मी म्हणालो.

“सांगेन. आधी त्यांना रांगेत उभं राहू दे.”

एकेक बी टाकून ती बघत राहिली, जगदाळेंचा नंबर उगवेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर जगदाळेंचं नाव झळकलं. गार्ड घुटमळला, पण प्लँट मॅनेजर शेजारीच उभे होते. जगदाळेंनी बूट काढले. फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. रांगेत कुणीतरी हसलं. नसीम काचेआडून शांतपणे बघत होती.

पुढचे काही दिवस तेच झालं. मग जगदाळे तणतणत आमच्या टेबलाशी आले. “प्रोग्रॅम बिघडलाय तुझा.”

“बिघडला नाही साहेब. पद्धत तुमचीच आहे, मी फक्त बी बदललं.” आणि तिने त्यांच्या लॉगिनची नोंद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली.

चौकशीत नसीम आणि जगदाळे, दोघांचीही नोकरी गेली. जाण्याआधी तिने ते बांधलेलं बी काढून टाकलं.

आता ती आकुर्डीत नोकरी करते. रफीकचं राजगुरुनगरजवळ गॅरेज आहे. मध्यंतरी जगदाळेंची गाडी नेमकी तिथेच बंद पडली. रफीकने ती दुरुस्त करून दिली, वर चहाही पाजला. त्यावरून नसीमने भावाशी अबोला धरला होता.

“भाई म्हणतो, झालं गेलं सोडून दे,” तिने मला फोनवर सांगितलं.

“मग?”

“त्याने सोडलं असेल. मी नाही सोडलं.”