लॉग कार्डापेक्षा दोन वर्षांनी म्हातारी

उल्हासराव मोकाशी बावीस वर्षं सिंगापुरात राहिले, हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं रंगवत केस पांढरे केले, लाल पासपोर्टही घेतला. पण गाडी काही घेतली नाही. या बेटावर गाडी म्हणजे नसती हौस, असं ते चारचौघांत ठणकावून सांगत. मग सत्तावन्नाव्या वर्षी ही हौस सुचली कुठून? तर हौस कसली डोंबलाची! बायकोची, सुनेत्राबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. घराजवळ, सेंगकांगला, जागा मिळेना, म्हणून बुओना व्हिस्टाचं सेंटर घ्यावं लागलं. जाताना कशाबशा ट्रेनने जात; येताना त्यांना उभंही राहवत नसे, आणि पाऊस असला की टॅक्सी मिळत नसे. एकदा त्या टॅक्सीच्या रांगेतच मटकन खाली बसल्या. त्या दिवशी उल्हासरावांनी ठरवलं, आता पुरे, गाडी घ्यायची.

घेतली ती जुनी. इथल्या नियमाप्रमाणे अजून दोन वर्षांनी तिचा रस्त्यावरचा परवाना संपणार आणि ती थेट भंगारात जाणार. उल्हासरावांना तेवढी पुरे होती. ताबा घ्यायचा होता शनिवारी, पण शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही, तेल विकत घ्यायचं नाही, हा सुनेत्राबाईंचा माहेरपासूनचा नेम. म्हणून विकणाऱ्याच्या विनवण्या करून शुक्रवारीच आणली. चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि नारळ कारपार्कात फोडायची सोय नाही म्हणून घरी सिंकमध्ये फोडला.

पहिल्याच आठवड्यात गाडीने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. उल्हासरावांनी दुकानातून ऑइल फिल्टर आणला, तर तो बसेना. बदलून आणला, तोही बसेना. दुकानदार लॉग कार्ड, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, बघून म्हणाला, गाडी दोन हजार बाराची ना, मग हाच. शेवटी त्यांनी पद्माकरला फोन लावला. पद्माकर त्यांचा जुना मित्र, एके काळी पिंपरीच्या कारखान्यात इंजिनांशी झटलेला, आता इथे कॉम्प्युटरसमोर बसणारा.

"अरे उल्हास, लॉग कार्डावरची पहिली तारीख बघून काय सामान आणतोस? ती इथल्या नोंदणीची. बॉनेट उघड, इंजिनामागच्या पत्र्यावर चासी नंबर कोरलेला असेल, त्याचा फोटो पाठव."

फोटो गेला आणि पंधरा मिनिटांत उत्तर आलं. गाडी जपानात दोन हजार दहाला तयार झाली होती, तिथे दोन वर्षं पळाली, मग इथे आली. दोन हजार बाराच्या मॉडेलपासून कंपनीने इंजिनच बदललं होतं; हिच्यात जुनं. लॉग कार्डावर खाली बारीक अक्षरात तयार झाल्याचं वर्षही होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढणाऱ्या माणसाने स्वतःचा कागद अर्धाच वाचला होता. उल्हासरावांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून त्यांना गाडीचं वेडच लागलं म्हणा ना. ऑफिसला निघण्याआधी खाली उतरून ते बॉनेट उघडत. कूलंटची पातळी, ब्रेकचं तेल, चारही टायरांची हवा, टायर कुठल्या आठवड्यात तयार झाले त्याचे त्यांच्यावर छापलेले आकडे, सगळं एका वहीत. चालवताना कान इंजिनाकडे. सुनेत्राबाई शेजारी बसून काही सांगायला लागल्या की म्हणत, "थांब, थांब, आवाज ऐकू दे." संध्याकाळी जेवताना पद्माकरचा फोन. जीव मेटाकुटीला आला होता उल्हासरावांचा. पण गाडी अडली तर हिचं डायलिसिस अडेल, या एका धास्तीने ते रेटत होते.

चौथ्या शनिवारी सकाळी इंजिनातलं तेल मोजायची डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. टोकाला जेमतेम ओल. गुरुवारी निघण्याआधी तर खालच्या खुणेच्या वर होतं, काल बघायचं राहिलं! पद्माकर फोनवर ओरडलाच, "म्हातारं इंजिन तेल पितं रे! पंपावरून एक लिटर घे, ओत, मगच निघ."

वर येऊन त्यांनी हे सांगितलं. सुनेत्राबाई साडीची पिन लावत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अहो, शनिवार आहे आज."

"इंजिनात घालायचंय गं, कढईत नाही."

"तेल ते तेल. तीस वर्षं पाळलंय मी. आता माझी ही अशी अवस्था, त्यात आणखी विषाची परीक्षा कशाला? आजचा दिवस टॅक्सी करू."

टॅक्सी! मग ही गाडी घेतली कशाला? उल्हासराव चिडले, आणि चिडले तरी बायकोचा शब्द मोडायचं बळ त्यांच्यात नव्हतं. आजारपणाने तिच्याकडून मीठ नेलं, फळं नेली, घोटभर पाणीसुद्धा मोजून दिलं. हा एक नेम काय तो उरला होता. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला, आणि तोच नडला. तेल घेतलं नाही, आणि गाडी काढली. एवढं पंचवीस किलोमीटर जाईल, उद्या सकाळी घालू.

अर्ध्या वाटेत एक्स्प्रेसवेवर डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लागला. तो लागला तर एक मीटरही पुढे जायचं नाही, हे पद्माकरने दहादा बजावलं होतं. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. ऊन तापलेलं. शेजारून लॉऱ्या जाताना गाडी हलायची. सुनेत्राबाई कठड्यापलीकडे छत्री धरून उभ्या, सुजलेले पाय सँडलमधून बाहेर आलेले. ओढून नेणारा ट्रक आला, त्याने गाडी जवळच्या कारपार्कात नेऊन टाकली, तिथून टॅक्सी मिळेपर्यंत आणखी वेळ. सेंटरला पोचले तेव्हा सव्वा तास उशीर झालेला. मशीनवर नंतरचा पेशंट ठरलेला होता. चार तासांचं काम आज पावणेतीन तासांत.

"माझ्यामुळे झालं," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"तुझ्यामुळे नाही गं. गाडी मी काढली," उल्हासराव म्हणाले, पण डोक्यात इंजिनच होतं. दिवा लागल्यावर किती सेकंद चाललं असेल? दहा? वीस?

नर्सने सुनेत्राबाईंना वजनकाट्यावर उभं केलं. आकडा बघून तिच्या कपाळाला आठी पडली. तीन किलो वाढलं होतं, आणि आज वेळही कमी. ती नेहमीप्रमाणे उल्हासरावांकडे वळली.

"अंकल, गुरुवारपासून किती पाणी प्यायल्या?"

गेली दोन वर्षं हा आकडा त्यांच्या जिभेवर असायचा. चहाचा अर्धा कप, गोळ्यांचं पाणी, वरणाची वाटी, सगळं धरून. नर्सेस कौतुक करायच्या. आत्ता त्यांनी तोंड उघडलं, आणि काही म्हणजे काही आठवेना. आठवत होतं ते पुढच्या डाव्या टायरातली हवा, कूलंटची पातळी, इंजिनात मावणारं तेल, तीन पूर्णांक सात लिटर. 

"त्यांना नको विचारूस," सुनेत्राबाई हसत म्हणाल्या. "ते हल्ली गाडीच्या ड्यूटीवर आहेत." नर्सही हसली. आकडा सुनेत्राबाईंनीच सांगितला.

सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं. उल्हासराव स्टूल ओढून जवळ बसले. खिशात फोन थरथरत होता, तो त्यांनी काढला नाही.

"बरं वाटतंय का गं तुला?"

सुनेत्राबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"तीन आठवडे झाले हो," त्या म्हणाल्या, "हे कुणी विचारून."