रूथच्या हातचं अक्षर

“हे मोडी नाही, बाई,” असं म्हणून मी कागद परत सरकवला.

सिस्टरबाईंनी तो पुन्हा माझ्याकडे सरकवला. “मोडी नाही हे मलाही कळतं, वानखडे. पण कोणाला वाचता येत नाही ते वाचायचं, हेच तुमचं काम ना?”

जळगाव जामोदच्या तहसील कचेरीत मी रेकॉर्ड कीपर होतो. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पाट्या बदलल्या होत्या, कागद तेच होते. जुनी खरेदीखतं, वाटण्या, बांधाचे निवाडे, बरेचसे मोडीत. मोडी म्हणजे मराठीच, पण हात न उचलता लिहिलेली. अक्षरं एकमेकांत अडकलेली, शब्द कुठे संपतो ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. शाळांतून मोडी गेली तसा तालुक्यात माझा भाव वाढला. लोक मला विद्वान समजू लागले. तो गैरसमज मी कधी दूर केला नाही, आणि आता तो असा अंगाशी आला होता.

सिस्टरबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स, रिबकाबाई. मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले, घरात मराठी बोलणारे यहुदी. नवरा वारला होता. एकुलता एक मुलगा सॅमसन बायको-मुलीला घेऊन इस्राएलला गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. त्याची पत्रं मराठीत येत. या वेळी आत आणखी एक कागद होता. नात रूथ, वय आठ, तिने स्वतः लिहिलेला. हिब्रूत.

“सॅमसनला अर्थ विचारा की,” मी म्हणालो.

बाईंनी कागदाची घडी सरळ केली. मग म्हणाल्या, “मीच त्याला कळवलं होतं, रूथला सांग, तुझी आजी दर शुक्रवारी हिब्रू पुस्तक वाचते.”

“मग वाचता ना?”

“पुस्तक समोर उघडं असतं. म्हणते मी पाठ. आमचे वडील भावांना शिकवायचे. मी दाराशी बसून ऐकायची, त्यातलं जे राहिलं ते राहिलं. पोर मराठी विसरली, वानखडे. आता आमच्या दोघींत एवढं एकच उरलंय, आणि ते मी खोटं सांगितलंय.”

शिपाई गणपत दारात उभा राहून सगळं ऐकत होता. “वाचून द्या ना, बाबू,” तो म्हणाला. “एवढे मेलेल्या लोकायचे कागद वाचता. हे तं जित्या पोरीचं हाय.”

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत बाई प्रार्थनेचं पुस्तक घेऊन येऊ लागल्या. एका पानावर हिब्रू, समोरच्या पानावर मराठी अर्थ. मी ते उघडलं आणि शेवटचं पान निघालं. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे पुस्तकही आपल्या हिशेबाने मागून सुरू होतं. पहिल्या दिवशी ते माझ्या हातून निसटलं. बाईंनी उचलून त्याचा मुका घेतला.

“पुस्तकाले मुका काऊन घेता जी?” गणपतने विचारलं.

“खाली पडलं म्हणून.”

“आमी पाया पडतो. एकच हाय मंग.”

आमची रीत साधी होती. बाई पाठ म्हणायच्या, मी पेन्सिलीचं टोक अक्षरांवरून सरकवायचो. कोणत्या आवाजाला कोणतं अक्षर ते कागदावर उतरवायचो. अक्षरं बावीस. पाच अक्षरं शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. स्वर म्हणजे अक्षराखाली ठिपके आणि रेघा. दालेत आणि रेश यांच्यात फरक एका कोपऱ्याचा. एका शब्दाशी मात्र माझा हिशेब रोज चुके. बाई म्हणत एक आणि छापलेलं दुसरंच. चौथ्या दिवशी त्यांना आठवलं, “अहो, ते देवाचं नाव. ते लिहितात तसं उच्चारायचं नसतं.” मी म्हटलं, हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. “तुम्ही विचारलं कुठे?”

तीन आठवड्यांत बाई पुस्तकातली ओळ बोट ठेवून वाचायला लागल्या. पन्नाशी उलटलेली बाई, जिने अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केली, ती “शिन... लामेद... वाव...” करत होती. मलाही स्वतःला शाबासकी द्यावीशी वाटली. मग आम्ही मोठ्या थाटात रूथचा कागद काढला.

एकही अक्षर जुळेना.

पुस्तकातल्या शिनला वर तीन शेंडे होते. कागदावर तीन शेंड्यांचं काही नव्हतं, नुसती वेटोळी. खाली ठिपके नव्हते की रेघा नव्हत्या. बाईंचा चेहरा उतरला. “पोरीचं अक्षर वाईट आहे का?”

नेमके तेव्हाच तहसीलदारसाहेब आत आले. साहेबांना कुठल्याही विषयावर मत नाही असं कधी झालं नाही. त्यांनी कागद उचलला, उलटा धरला आणि म्हणाले, “पाली आहे. प्राचीन. कुठल्या दप्तरात सापडला?”

“नर्सबाईंच्या नातीचं पत्र आहे, साहेब. परदेशातून आलंय.”

“परदेश? अनोळखी लिपी? सरकारी कचेरीत?” साहेबांचा आवाज चढला. “हे बुलढाण्याला पाठवा. तज्ज्ञांकडून खात्री करून घेऊ. तोवर फाइलला लावा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बुलढाण्याला गेलेला कागद परत येत नाही, हे दवाखान्यातही माहीत होतं.

मी आवक-जावकाचं रजिस्टर उघडून टाक बुडवला. “पाठवतो, साहेब. जावकाला विषय काय लिहू? आणि आवक नंबर? हा कागद आपल्याकडे आलेलाच नाही.”

साहेब विचारात पडले. विषय नसलेला कागद सरकारात जन्मालाच येत नाही. “मग टेबलावर ठेवू नका,” असं बजावून ते गेले.

“पाली म्हंते,” गणपत म्हणाला. “अन् उलटा धरला होता बाप्पा!”

पण साहेबांनी माझ्यावर एक उपकार केला. जावक रजिस्टरच्या मागच्या पानावर कोणा जुन्या कारकुनाची मोडीत टिपणं होती, पुढच्या पानांवर स्वच्छ बाळबोध. एकच मराठी, लिहिण्याच्या दोन तऱ्हा. छापलेली वेगळी, हाताची वेगळी. सगळं आयुष्य मी यावरच भाकरी खाल्ली, आणि जगात हे फक्त मराठीचंच आहे असं धरून बसलो. बाईंनी तरी हिब्रू हाताने लिहिलेली कुठे पाहिली होती? त्यांचे वडीलही पत्रं मराठीतच लिहीत. आम्ही तीन आठवडे बाळबोध शिकलो होतो. रूथने मोडी पाठवली होती.

मोडीवाचनातली खरी गोष्ट आता सांगतो. आम्ही अक्षरं वाचत नाही. खरेदीखताच्या पहिल्या ओळीत काय असणार, शेवटी काय असणार, हे ठाऊक असतं. तेवढं ओळखायचं, त्यातून अक्षरं सुटतात, मग मधलं वाचायचं.

“पोर पत्राच्या शेवटी काय लिहील?” मी विचारलं.

“स्वतःचं नाव.”

रूथ. रेश, वाव, ताव. शेवटी बरोबर तीन अक्षरं होती.

“आणि सुरुवातीला?”

“शालोम. आमचा नमस्कार. दुसरं काय?”

लामेद हे एकच अक्षर ओळीच्या वर डोकं काढतं. पहिल्या शब्दात दुसरं अक्षर उंच होतं. त्यातला वाव रूथच्या वावाशी जुळला. सहा अक्षरं हाती आली. उरलेल्यांना दोन दिवस लागले.

शालोमच्या पुढचा शब्द निघाला स, ब, त आणि शेवटी अलेफ. पुस्तकात तो कुठेच सापडेना. मी म्हटलं, सोडून देऊ. बाई म्हणाल्या, “सोडायचा कसा? शालोमनंतर कोण असणार? तो शब्द मी आहे.” आणि त्यावर त्यांनी बोट ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही.

पुढे घर हा शब्द होता, झाड होता. ते पुस्तकातही होते. मधलं बरंच सुटलं. शेवटच्या ओळीला प्रश्नचिन्ह होतं, आपल्यासारखंच. बाई अक्षरं लावत गेल्या आणि एकदम थांबल्या.

“बोई,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी संध्याकाळी आम्ही शब्बाथला, आमच्या विश्रांतीच्या दिवसाला, घरात बोलावतो, नव्या नवरीसारखं. तिला म्हणतो, बोई. ये.” मग कागदावरच्या प्रश्नचिन्हाकडे बघत म्हणाल्या, “ती विचारतेय, केव्हा येतेस.”

गणपत उठून बाहेर गेला. मी रजिस्टरं नीट लावली. ती आधीच नीट होती.

उत्तर लिहायचं होतं, तेही हिब्रूतच. ‘लवकर’ला शब्द हवा होता. मराठी पानांवरून बोट फिरवत आम्ही तो शोधला. सापडला, बऱ्याच ठिकाणी: बिमहेरा. पण तिथे तो यरुशलेमला परतण्याबद्दल होता, आणि लोक तो दोनेक हजार वर्षं म्हणत आले होते. मी ही अडचण बाईंच्या कानावर घातली.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “माझी पेन्शन त्याआधी होईल.”

त्यांनी पुस्तकातून एकेक अक्षर उतरवलं, ठिपक्या-रेघांसकट. शालोम रूथ. बिमहेरा. खाली सही. सॅमसनचं उत्तर आलं, रूथ तो कागद शाळेत घेऊन गेली. आजी छापलेल्या पुस्तकासारखं लिहिते, असं सगळ्यांना सांगत होती. बाईंनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. “आता ते खोटं राहिलं नाही,” म्हणाल्या. त्या शनिवारी सूर्य मावळल्यावर त्यांनी पत्रासाठी मनात बोललेला नवस फेडला. मलिदा केला, गोड पोह्यांचा, वर फळं. मलिद्याच्या प्रार्थनेला त्यांच्यातली माणसं जमावी लागतात. तालुक्यात त्यांच्यातलं दुसरं कोणी नव्हतं. मी आणि गणपत बसलो.

पाच वर्षांनी बाई रिटायर झाल्या आणि रूथकडे निघाल्या. दोन हजार वर्षांच्या मानाने लवकरच. नांदुऱ्याला आगगाडी पकडायची होती. एस.टी. स्टँडवर त्यांनी मला आमचा तो कागद दिला: छापील अक्षर, हातचं अक्षर, बाळबोध, तीन ओळींत. मोडीचे कागद मी पुढेही वाचले. त्यात कोणी कोणाला ये म्हटलेलं नसतं. अनोळखी लिपी समोर आली की अक्षरं मागाहून बघावीत, आधी कोणी कोणाला लिहिलंय ते बघावं, एवढं मी त्या सुट्ट्यांत शिकलो.

एस.टी. सुरू झाली तेव्हा मी खिडकीशी गेलो. “परत केव्हा येणार, बाई?”

“बिमहेरा,” त्या म्हणाल्या.

अर्थ मला माहीत होता. म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.