पावसात गुलाबांना पाणी

इंग्लंडमध्ये स्लाऊला आमच्या शेजारच्या बाई भर पावसात गुलाबांना पाणी घालायच्या. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावलेली मॉर्मन पंथाच्या तरुण प्रचारकांची जोडी कोपऱ्यावर दिसली, की बाईंचा पाइप सुरू. पोरं चिंब व्हायची. “जस्ट वॉटरिंग माय रोझेस, डियर,” असं त्या मला ऐकवायच्या. आमच्या घरात त्यांचं नाव पाइपवाल्या बाई.

बाई रविवारी दोनदा चॅपलला जायच्या आणि उरलेले सहा दिवस मॉर्मनांचा उद्धार करायच्या. “स्वतःला ख्रिश्चन म्हणवतात! बायबल पुरलं नाही म्हणून आणखी एक पुस्तक आणलं. वर चहासुद्धा पीत नाहीत!” यातला मोठा अपराध कुठला, हे मला कधी कळलं नाही.

एकदा बाईंनी भिजवलेली ती दोघं माझ्या दाराशी आली. दारी आलेल्याला तसंच पाठवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी टॉवेल दिले, गरम पोहे दिले. त्यांचं पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं. एवढ्या देवांत आणखी एक. आमच्या मुलांना सांभाळायला येणारी बाईंची एकुलती एक मुलगी हेलन तेव्हा सोफ्यावर बसली होती. वर्षभरात ती मॉर्मन झाली. बाईंनी तिची बॅग फुटपाथवर ठेवली.

“तुझ्या सोफ्यावरून गेली माझी मुलगी,” त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या.

“देव शेवटी एकच ना?”

“तुझं ठीक आहे. तुझ्या देव्हाऱ्यात जागा आहे. माझ्याकडे एकच खुर्ची आहे.”

मग सात वर्षं अबोला. मीही हट्टाला पेटले होते. एकदा माझी वाळत घातलेली साडी भिजली, आणि ते काही चुकून झालं नव्हतं. तरी टॉवेल दिले नसते तर, हा विचार मला छळायचा. हेलन प्रेस्टनहून मला फोन करायची. आईला लिहिलेली तिची पत्रं न फोडता परत जायची.

बाई केअर होममध्ये राहायला निघाल्या त्या दिवशी टॅक्सी थांबवून माझ्या दारात आल्या.

“हेलनला सांग, माझं मत बदललेलं नाही.”

“सांगते.”

“आजच सांग. आणि ती काय म्हणाली, ते मला येऊन सांग.”

माझा राग गेला नव्हता, तरी रडू फुटलं. बाईंनी होमचा पत्ता हातात दिला. एकच पत्ता, दोन चिठ्ठ्यांवर लिहिलेला.

“यातली एक तुझी,” त्या म्हणाल्या. दुसरी माझ्या मुठीत मिटवून टॅक्सीकडे वळल्या.