‘मुंगी चावली’ म्हणणाऱ्या सिस्टर

सिस्टरना काही लागलंय का, हे त्यांना विचारून कधीच कळत नसे. त्यांचा हात धरून, उलटापालटा करून बघावा लागे. मंठ्याला शाळेवर बदली होऊन मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहायला गेले, त्याच दिवशी माझ्या लोखंडी कपाटाखाली त्यांचं बोट सापडलं. कपाट उतरवणारे दोघे हमाल ओरडले, मी ओरडले, आणि जिचं बोट होतं ती बाई शांतपणे म्हणाली, "काही न्हाई, मुंगी चावली. आधी कपाट सरळ करा, आरसा फुटंल." पुढे महिनाभर ते नख काळंनिळं होतं, मग गळून पडलं. मुंगीचा विषय पुन्हा निघाला नाही.

तीस-पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी नर्सची नोकरी केली. निवृत्त झाल्या तरी सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणे. तालुक्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी सुई टोचलेली. बाजारच्या दिवशी त्या समोरून आल्या की चांगले मिशीवाले गडीसुद्धा नकळत कमरेखाली हात नेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टोचण्याआधी, टोचताना आणि टोचल्यावर त्यांचं एकच वाक्य असे. रडणाऱ्या लेकराला तेच, कण्हणाऱ्या म्हाताऱ्याला तेच. इतक्या वर्षांत ते वाक्य त्यांच्या स्वतःच्या अंगातही भिनलं होतं. त्यांचे यजमान वारले तेव्हा पाचव्या दिवशी लसीकरणाचा वार होता, तर या लसीचा डबा खांद्याला लावून खेड्यावर हजर. शेजारच्या काकूंनी मला हे कौतुकाने सांगितलं. मला मात्र ऐकून कसंसंच झालं.

मुलगा पुण्याला. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. "मी मजेत. तू तुझं काम बघ," एवढं बोलून सिस्टर फोन ठेवत आणि मग उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेत. अशा एका रविवारी बसस्टँडवरच्या भज्यांच्या गाड्याखाली त्यांना एक पिल्लू सापडलं. एकटंच, तळल्या रंगाचं, मुठीएवढं. आई मोटारीखाली गेली असावी. सिस्टरनी ते पदरात घालून आणलं आणि त्याचं नाव ठेवलं भज्या. समोरच्या खोलीत बुद्धांच्या तसबिरीखाली गोणपाट टाकून त्याची सोय झाली. त्या दिवसापासून रविवारची भांडी एकदाच घासली जाऊ लागली.

भज्याचं एकच वाईट होतं. तो चावायचा. रागाने नव्हे, लाडाने, पण त्याचे ते सुईसारखे दात. पदर, पायजमा, पायाचा अंगठा, झाडूचा बुडखा, जे हलेल ते त्याचं. मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला फटका दिला, तर त्याला वाटलं नवीन खेळ निघाला. गुंडाळी ओढत तो घरभर पळाला आणि वर शेपूट हलवत पुढच्या फटक्याची वाट बघत बसला. मास्तरकीतली माझी सगळी हत्यारं त्याच्यापुढे बोथट झाली.

मग एके दिवशी त्याने माझ्या मनूला चावलं. मनू पाच वर्षांची. सिस्टरच्या अंगणात दोघांची ओढाओढ चालली होती, आणि तिच्या पोटरीतून चांगलं रक्त आलं. काकू मिरचीपूड घेऊन धावल्या. सिस्टरनी त्यांना हातानेच थांबवलं, मनूला नळाखाली बसवलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली. "घरचंच पिल्लू आहे, इंजेक्शन कशाला?" असं कुणीतरी म्हणालं, तर त्यांनी अशी नजर टाकली की तो माणूस रिक्षाच बोलवून आला. दवाखान्यात मनूचा हात सिस्टरनीच धरला होता. सुई टोचली तशा त्या सवयीने म्हणाल्या, "काही न्हाई, मुंगी चावली."

"खोटं बोलतेस आजी," मनू रडत रडत म्हणाली. "मुंगी नव्हती. सुई होती. आणि दुखली."

उभ्या नोकरीत त्यांना असं उत्तर कुणी दिलं नसावं. परत येताना रिक्षात त्या मनूच्या टोचलेल्या दंडावर हात ठेवून बसल्या.

घरी आल्यावर मी बोलले. माझा स्वभाव तसा तापट आणि लेकराचं रक्त बघितलेलं. मी सरळ सांगितलं, "सिस्टर, पुढच्या रविवारी माझा दीर अंबडच्या मळ्यातून येणार आहे. मोसंबीच्या बागेत राखणीला त्याला कुत्रं हवंच आहे. भज्याला तो घेऊन जाईल." त्यांनी मान हलवली. "बराबर आहे मॅडम. लेकराच्या पुढं कुत्रं न्हाई." आणि आत जाऊन भांडी घासायला लागल्या. घासलेलीच भांडी. तो आवाज मला वर ऐकू येत होता, आणि मी कान बंद करून पोळ्या लाटत होते.

दुसऱ्या दिवशी भज्याला लस द्यायला आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरने सिस्टरना ओळखलं. तो जवळच्याच खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. "लहानपणी तुम्ही मला टोचल्तं सिस्टर. अजून ध्यानात हाय," म्हणाला. मग त्याने पिल्लाचे दात बघितले आणि विचारलं, "खेळताना लई चावतंय का?"

"लेकरू बोंबललं की सोडतंय," सिस्टर म्हणाल्या.

"अन् तुम्हाला?"

सिस्टरनी हात मागे घेतला, पण मी तो धरून त्याच्यापुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक खुणाच खुणा. मलाही त्या दिवशीच कळलं.

"चावल्यावर तुम्ही काय म्हणता?"

"मुंगी चावली म्हणतात," मीच सांगितलं.

ड्रेसर आधी हसला, मग हसायचा थांबला. "सिस्टर, चार पिल्लं संगं असली की एकमेकाला चावतेतच. पण एकानं जास्त जोर लावला की दुसरं केकाटतं अन् खेळ सोडून निघून जातं. मंग ह्याला कळतं, एवढा जोर न्हाई लावायचा. हे एकलंच वाढून राह्यलंय. त्याला सांगणारं कोणी न्हाई. तुम्ही गप बसता, त्याला वाटतं चालतंय. अन् तोच जोर ते लेकरावर लावतंय. चूक कुत्र्याची न्हाई."

"मंग काय करू?"

"केकाटा. हात ओढू नका, हलका सोडा. मोठ्यानं केकाटा, अन् पाठ फिरवा. थोड्या वेळानं पुन्हा खेळा. चावायला एखादं फडकं द्या."

उपाय एवढासाच होता, पण सिस्टरना तो जमेना. जुन्या लुगड्याची गाठी मारलेली वेणी त्यांनी लगेच केली, पाठही फिरवायला शिकल्या. पण ओरडायचं कसं? पहिल्या दिवशी भज्याने अंगठा धरला, तर त्या "आई गं" असं म्हणाल्या, जणू पुढच्या पेशंटला आत बोलावत असाव्यात. भज्याने आणखी जोर लावला. मग मनूने त्यांची शिकवणी घेतली. पायरीवर समोरासमोर बसून दोघींचा सराव चाले.

"असं नाही आजी. तोंड मोठं कर. डोळे मीट. दुखल्यासारखं कर."

"दुखल्यासारखं म्हंजे कसं गं माय?"

"तुला माहीत नाही?" मनूने आश्चर्याने विचारलं. मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होते. माझ्या हातातलं ओलं पातळ तसंच राहिलं.

गुरुवारी संध्याकाळी ते झालं. कपाटाखाली सापडलेलं ते बोट, त्याला नुकतंच कोवळं नख येत होतं, नेमकं तेच भज्याच्या दाढेत आलं. "आई गं!" अशी आरोळी उठली की समोरच्या गिरणीवरची बाई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि काकू लाटणं घेऊनच धावल्या. भज्याने बोट टाकलं, मागे सरकून तो खाली बसला आणि कान पाडून टकामका बघत राहिला. सिस्टरनी ठरल्याप्रमाणे पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं हसताहेत. मी खाली गेले, बघते तर डोळ्यांतून धारा.

"सिस्टर, इतकं लागलं?"

"बोटाचं काही न्हाई गं," त्या म्हणाल्या. "कवापासूनचं तुंबल्तं काय माहीत. दार उघडलं तर सगळंच निघालं." मी त्यांना धरलं. त्या हमसाहमशी रडल्या आणि मीही रडले, कारण रविवारी त्यांच्याकडून मी काय हिरावून घेणार होते ते मला तेव्हा समजलं. काकू लाटणं हातात धरून तशाच उभ्या. भज्या वेणी तोंडात घेऊन आला आणि ती त्याने सिस्टरच्या पायाशी ठेवली.

त्यानंतर सिस्टर मनापासून ओरडू लागल्या. आधी शुक्रवारी भज्याने उलट जास्तच दंगा केला. माझा धीर सुटला होता, पण त्यांचा नाही. शनिवारी दुपारी पहिल्यांदा तो दात टेकवून थांबला आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागला.

रविवारी दीर आला. मनू आणि भज्या अंगणातच होते. खेळता खेळता त्याने तिचं मनगट तोंडात धरलं. मी उठलेच. मनूने "आई गं" म्हणेपर्यंत त्याने सोडलंसुद्धा, आणि मनगट चाटायला लागला. दिराने मुद्दाम आपला हात पुढे करून बघितला, त्याच्याशी झोंबाझोंबी केली, डिवचलं. दाताची साधी खूण उठली नाही. दीर उठला आणि हात पुसत म्हणाला, "वहिनी, हे मला न्हाई पायजे. मला मळ्यावर चावणारं लागतंय. ह्येनं तर चोराचे बी हात चाटले असते."

सिस्टरनी त्याला दोनदा चहा पाजला.

तेवढ्यात पुण्याचा फोन आला. दिवाळीला रजा मिळत नाही, असं मुलगा सांगत असावा. मला उठून जायचं होतं, पण त्यांनी हाताने बसवलं. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "तू येत न्हाईस तर मला लागतं रे. दर वेळेला लागतं. मी सांगितलं न्हाई, मंग तुला कसं कळावं?" दिवाळीला तो आला. चांगला चार दिवस राहिला, आणि भज्याने त्याच्या चपलेचा एक पट्टा तेवढा खाल्ला.

मंठ्यात आम्ही आणखी दोन वर्षं राहिलो. मग अंबडला बदली झाली. आता माझ्या वर्गात कुणी पडलं, धडपडलं, तर "काही नाही झालं" हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. "कुठे दुखतंय, दाखव," असं मी विचारते. पोरं दाखवतात, आणि बहुतेकदा दाखवूनच त्यांचं भागतं. हे मी कोणत्या प्रशिक्षणात शिकले नाही.

मंठा सोडला त्या दिवशी सामान भरून टेम्पो निघायला उभा होता. तेच लोखंडी कपाट, तेच हमाल. मनू भज्याला मिठी मारून बसलेली, आणि तो तिचा बूट ओढत होता. मी म्हणाले, "काही नाही सिस्टर, अंबड कुठे लांब आहे? बसमध्ये बसलं की आलंच."

सिस्टरनी माझ्या गालावरून हात फिरवला. "न्हाई पोरी," त्या म्हणाल्या. "आता मला येतं." आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "आई गं!"

भज्याने चटकन बूट सोडला. कान पाडून तो खाली बसला आणि आपण कुणाला चावलो, ते शोधत एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला.