घमेलंभर रेती

आमच्या घरची जुनी रीत आहे. पिण्याच्या विहिरीत नदीतल्या मासोळ्या सोडायच्या आणि सकाळी पाणी काढण्याआधी वाकून पाहायचं. मासोळी फिरताना दिसली की पाणी चांगलं.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला मासोळ्या आणायला नदीवर पाठवलं. मी मोठी शहाणी! वरवर पळणाऱ्या मासोळ्या हाती लागेनात, म्हणून तळाच्या रेतीत घुसून बसणाऱ्या, बोटाएवढ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या उचलून आणल्या. दुसऱ्या दिवशी विहिरीत एकही दिसेना. मी गल्लीभर बोंब ठोकली, पाण्यात विष पडलं म्हणून. भरलेले हंडे ओतले, वावरातल्या माणसांना दुपारपर्यंत तहानलेलं ठेवलं. सासूबाईंनी घमेलंभर रेती दोराने विहिरीत सोडली आणि संध्याकाळी वर ओढली. रेतीतून दोन डोळे माझ्याकडे पाहत होते.

"रेतीतली मासोळी हाय ते," सासूबाई म्हणाल्या. "तुले तोंड दाखवाले वर येईल काय?"

पुढे कित्येक वर्षं आमच्या आळीत कोणाचं काही हरवलं की बाया मला विचारायच्या, विष तर नाही ना पडलं?

आता रेती उपसून उपसून ती नदीच ट्रॅक्टरनं उचलून नेली. खाली चिखल आणि दगड राहिले. परवाच्या उन्हाळ्यात पुलाखालच्या डबक्यात त्याच पट्ट्यांच्या थोड्या मासोळ्या तडफडताना दिसल्या. वरपासून खालपर्यंत दुसरीकडे कुठंच नव्हत्या. डब्यात घालून आणल्या, विहिरीत सोडल्या. पाऊस पडला की नदीत परत नेऊन सोडायच्या, असं मनाशी ठरवलं.

मग एका सकाळी कळलं की मुलानं आदल्या दिवशी वांग्यांवर फवारणी करून पंप विहिरीच्या काठावर धुतला होता. तोवर घरातल्या सगळ्यांचा त्याच पाण्याचा चहा झाला होता. मी मोटर बंद केली, प्रत्येकाचं तोंड निरखत बसले. मुलगा म्हणाला, धुतलेलं पाणी वांग्यांच्या दांडात वाहून गेलं, विहिरीत थेंब नाही. सून म्हणाली, आम्ही सगळे ठीक आहोत. माणसं ठीक होती हो. पण माणसाच्या आधी मासोळी जाते.

विहिरीत डोकावून उपयोग नव्हता, हे एवढ्या वर्षांत शिकले होते. घमेलं घेतलं. रेती आणू कुठून? मुलानं नव्या खोलीसाठी ढीग टाकला होता, त्यावरची ताडपत्री उचलली.

मागून मुलगा म्हणाला, "आई, रेती काऊन चोरून राह्यली?"

"तुही रेती कुठं हाय? नदीची हाय."

घमेल्याला दोर त्यानंच बांधून दिला.

दिवसभर मी विहिरीपासून हलले नाही. संध्याकाळी ओढायला घेतलं तर दोर दोनदा हातातून सुटला. घमेलं वर आलं. बोटानं रेती हलवली, एक पट्टेवाली सळकन सरकली. तसंच घाईनं परत खाली सोडलं.

पाऊस पडला. मासोळ्या नेण्याआधी जागा पाहायला नदीवर गेले, पाण्यात पाय घातला. तळ दगडाचा. सगळीकडे चाचपून पाहिलं, मूठभर रेती लागली नाही. तशीच परतले.

घमेलं अजून विहिरीतच आहे. रोज सकाळी ओढते आणि पाण्याबाहेर येईपर्यंत डोळे घट्ट मिटून घेते. मी मोठी शहाणी!