भाकर, भात, पेज

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — आणि आता मागे फिरणार नाही.

शिंदखेड्याजवळच्या एका गावात माझं मेडिकल आहे. गावात डॉक्टर नाही, म्हणून लोक मलाच डॉक्टर म्हणतात. मी कधी कुणाला टोकलं नाही. टोकणार कशाला? कानाला गोड लागायचं ना.

समोरच्या गल्लीत सखूअक्का राहायची. मुलगा भिकन कामाला सुरतेला, ती इथे एकटी. एक दिवस दुकानात येऊन म्हणाली, "डाक्टर, भाकर छातीमा अटकस." मी हसलो. कळण्याची कोरडी भाकर, वर ठेचा — दुसरं काय होणार? पित्ताचं गुलाबी औषध दिलं. महिन्याभराने म्हणाली, दुधात कुस्करली तरच उतरते. पुन्हा तीच बाटली. मग भात अडायला लागला. मग पेजसुद्धा. लुगडं अंगावर लोंबायला लागलं आणि मी — मी फक्त बाटली बदलली.

मला माहीत नव्हतं? होतं की. शिकताना घोकलं होतं. गिळायचा त्रास पित्ताने होतो, अन्ननळी आवळल्याने होतो, लकव्यानंतर होतो — आणि गाठीनेही होतो. आधी घट्ट, मग मऊ, मग पातळ अडलं आणि माणूस वाळत चाललं, तर दुर्बीण घालून आत बघायलाच हवं. धुळे असं किती लांब आहे हो? पण "मला यातलं कळत नाही, धुळ्याला जा" म्हटलं असतं, तर माझी डॉक्टरकी उतरली असती. एवढ्यासाठी गप्प बसलो.

शेवटी भिकन आला, तिला धुळ्याला घेऊन गेला. अन्ननळीत गाठ निघाली. फार उशीर झाला होता.

तिच्या दहाव्याला भिकनने मला विचारलं — भाऊ, तुमच्याकडे यायची, कधी काही बोलली का? मी म्हणालो, नाही.

त्याला आठ वर्षं झाली. भिकन अजून चारचौघांत म्हणतो, "मायनी कोनलेच सांगं नही. मी लांब पडनू ना." मी शेजारी बसून ऐकतो, वर त्याच्या पाठीवर हात ठेवतो. त्या हाताची मला किळस येते.

आता कुणी घास अडतो म्हणालं की बाटलीला हात लावत नाही, सरळ धुळ्याला पिटाळतो. त्याने काही भरून निघत नाही.

भिकन दिवाळीला गावी आलाय. हा कागद आधी त्याच्या हाती जाईल, मग तुमच्या. तुम्ही वाचाल तोवर त्याला कळलेलं असेल — त्याच्या आईने सांगितलं होतं. मला. चार वेळा.