वहिनींच्या बरणीतला खडा

माझ्या थोरल्या भावाची बायको, आमच्या वहिनी, आयुष्यभर शिंप्याच्या दुकानात काजं करत बसल्या. नजर थकली तशी सुई सुटली आणि त्या दोन नातींबरोबर तुरटीचे स्फटिक वाढवू लागल्या. हा नाद कुठून लागला ते मला नीट सांगता येणार नाही. थोरल्या नातीच्या शाळेच्या पुस्तकात होतं म्हणे.

मी शेजारच्याच खोलीत राहतो, म्हणून बघायला मिळायचं. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवायची आणि ते पाणी गार होऊ द्यायचं. तळाशी बारीक खडे धरतात. त्यातला एक सुबक खडा निवडून दोऱ्याला बांधायचा आणि तुरटीच्याच गार पाण्यात लोंबता सोडायचा. वर फडकं. मग हात लावायचा नाही.

"बघायचं, पण डोळ्यांनी," वहिनी बजावायच्या.

"आणि नाकानं बघितलं तर?" धाकटी विचारायची.

"तर शिंकशील आणि खडा घाबरेल."

खडा आधी शर्टाच्या बटणाएवढा होता, मग कोटाच्या बटणाएवढा झाला, शेवटी लिंबाएवढा. दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून चिकटवावेत तसा. एका बाजूने जरा ढगाळ होता, पण पोरींना तो ढगही आवडायचा.

शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं. वरच्या मजल्यावर राहणारा पुतण्या, पोरींचा बाप, बरणी न्यायला आला.

"हळू ने रे. गार जागी ठेव."

"आई, माझ्यावर एवढाही भरवसा नाही?"

"आहे की," वहिनी म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने फडकं घट्ट बांधून दिलं.

प्रदर्शनाला मी वहिनींबरोबर गेलो. टेबलावर मखमलीचा तुकडा, त्यावर लांबट, सहा बाजूंचा, टोकदार, पाण्यासारखा नितळ दगड. पुढे पाटी: 'आजीबरोबर वाढवलेला स्फटिक'. पोरी इस्त्रीच्या कपड्यांत ताठ उभ्या. शेवटी शेवटी खडा असा लांबतो, असं बापाने त्यांना सांगितलं होतं. बाप सांगतोय म्हटल्यावर त्यांनी मानलं.

विज्ञानाच्या बाईंनी दगड उचलून उजेडात धरला. "हा तुरटीचा नाही. ही गार आहे, म्हणजे क्वार्ट्झ, जमिनीच्या पोटात तयार होते. घरच्या बरणीत नाही होत."

पोरींचे चेहरे उतरले. तेवढ्यात पुतण्या हसून म्हणाला, "आमच्या आईचे उद्योग हो! नातींना खूश करायला आणला असेल कुठून तरी. वय झालंय आता."

आजूबाजूचे लोकही हसले. धाकटी मात्र वहिनींकडे वळली. "आजी, तू आम्हाला फसवलंस?"

वहिनींनी लेकाकडे पाहिलं. त्या वाट बघत होत्या, हे मलाही कळत होतं. तो मखमलीची सुरकुती सरळ करत बसला.

पोरी त्यांच्या आईबरोबर पुढे गेल्यावर शाळेच्या जिन्यात वहिनींनी लेकाला विचारलं, "आपला खडा कुठाय?"

"विरघळला. शेगडीजवळ ठेवली होती बरणी. म्हटलं, ऊब मिळाली की आणखी वाढेल."

"अरे, ऊब लागली की पाणी खडा परत पोटात घेतं. पोरींना विचारायचंस."

"चुकलं ना."

"ते चुकलं. पण माझं नाव का घेतलंस?"

"आई, तुला कोण काय बोलणार? माझे साहेब होते तिथे, त्यांचीही मुलं याच शाळेत आहेत."

त्यानंतर पोरी वहिनींकडे यायच्या थांबल्या. एकदा थोरली घराच्या जिन्यात भेटली, म्हटलं, आजीकडे चल. "आजी फसवते," म्हणाली आणि खाली पळाली. मी वहिनींनाच म्हटलं, "तुम्ही सांगून टाका ना पोरींना."

"मी कसं सांगू, भाऊजी? मग त्यांचा बाप त्यांना खोटा दिसेल. त्याने आपल्या तोंडाने सांगितलं तर तेवढा नाही दिसणार. पोटचा आहे. सांगेल."

पुढे एका दुपारी पुतण्या आला. हातात नवी, रुंद तोंडाची काचेची बरणी. "आई, पुन्हा सुरू कर. पोरींना मी घेऊन येतो."

"त्यांना सांगितलंस?"

"लहान आहेत गं. विसरतील."

वहिनींनी चहा टाकला. मग त्यांनी कप त्याच्यासमोर ठेवला आणि बरणी उचलून त्याच्या पिशवीत घातली.

"चहा घे," त्या म्हणाल्या. "ही परत ने."